तीन वाजताची खुर्ची

१

दुपारी पावणेतीन वाजता शिला आपली स्कूटी तांड्याच्या तोंडाशी, बोअरच्या कट्ट्याजवळ लावायची, हातपाय धुवायची आणि देविदासकाकाच्या घरात शिरायची. घर म्हणजे एकच लांबट खोली, वर पत्रे, पुढं ओटा. मागं पन्नास पावलांवर सिद्धेश्वर धरणाचा कालवा. खोलीत संसाराचं सगळं सामान होतं, पण दिसत काहीच नव्हतं. तांब्या, फणी, कात्री, शिलाई मशीन, सगळं अनुसयाकाकीनं चादरींखाली झाकून ठेवलं होतं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटावं, घरातली माणसं लांबच्या गावाला निघालीत.

कारण साधं होतं. काकाला वस्तू दिसली की ती वापरल्याशिवाय राहवत नव्हतं. तांब्या दिसला की पाणी, पोट फुगलं तरी. फणी दिसली की भांग. एकदा कोयता दिसला आणि शेजारच्या तातेरावाची पपईची सहा झाडं आडवी झाली. तीही न रागावता, रोजंदारीवर आल्यासारखं, एकेक करून त्यानं तोडली.

गेल्या उन्हाळ्यात औंढ्याहून येताना त्याची मोटारसायकल घसरली होती आणि कपाळ पुलाच्या कठड्यावर आदळलं होतं. नांदेडला ऑपरेशन झालं, जीव वाचला. हातपाय धड, वाचा धड, आठवणही धड. गेलं होतं ते वेगळंच. शिला त्याच्या चुलतभावाची मुलगी. मेंदूला मार लागलेल्यांना रोजची कामं पुन्हा शिकवण्याचं शिक्षण तिनं बेंगळुरूला साडेचार वर्षं घेतलं होतं आणि शहरातली नोकरी नाकारून ती शिरड शहापूरजवळच्या आपल्या तांड्यावर परत आली होती. पहिल्याच दिवशी तिनं पाहिलं, काकाच्या पायात बैलाची साखळी होती आणि साखळीला कुलूप.

"काकी, हे काढा आधी."

"काढते. मंग सांजच्याला कालव्यातून त्यांना तू काढ," अनुसयाकाकी म्हणाली.

शिलानं तिला समजावून सांगितलं. कपाळामागं मेंदूचा जो भाग असतो, तो माणसाला थांबवतो. हात पुढं जातो, तो म्हणतो, थांब. शिवी ओठावर येते, तो म्हणतो, गीळ. तोच भाग जखमी झालाय.

काकीनं ऐकून घेतलं. "म्हंजी घरात सासू न्हाई तसं झालं."

ओट्यावर बसलेला भीमसिंग, देविदासचा म्हातारा बाप, खो खो हसला. त्याला मोतीबिंदू होता, पण कान तिखट होते. "तुझी सासू गेली तवापासून मीबी तेच म्हणून राहिलो."

मग काकीनं आपली अट सांगितली. दिवाळीनंतर ती भावाच्या टोळीसोबत ऊसतोडीला जाणार होती. घरी राहणार हे दोघं. म्हातारा दिवसभर राखण करील, पण तीन ते चार त्याची झोप. बसल्या जागी मान टाकतो, ढोल वाजवला तरी उठत नाही. काका दोनदा निसटला तो त्याच तासात, आणि दोन्ही वेळा कालव्याच्या काठावर सापडला. "तेवढा एक तास हे गुमान बसले पायजेत. तसं करून दाव. न्हाईतर साखळी हाय."

शिलानं साखळी काढायला लावली आणि शब्द दिला.

२

तिची रीत अशी होती. काका समोरच्या माणसाची नक्कल करायचा. तिनं डोकं खाजवलं की तो खाजवायचा, तिनं उजवा हात उचलला की तो डावा. समोरासमोर बसलेला माणूस आरशासारखीच नक्कल करतो. पुस्तकात हा दोष म्हणून लिहिला होता; शिलानं त्यालाच कामाला लावलं. तीन वाजता लाल प्लॅस्टिकची खुर्ची काकाच्या बाजेसमोर ठेवायची, त्याच जागी, रोज. तिच्यावर बसायचं, हात गुडघ्यांवर, आणि काहीही करायचं नाही. तो बघायचा आणि तोही काही करायचा नाही. पहिल्या दिवशी एक मिनिट. आठवड्यानं सहा. तिसऱ्या आठवड्यात बावीस. काहीच न करणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे, असं तिनं तेव्हा वहीत लिहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात कागदपत्रांसाठी तिला दोन दिवस हिंगोलीला थांबावं लागलं. जाताना ती काकीला सांगून गेली, खुर्ची हलवू नका, वेळ मोडू नका.

ती परत आली तेव्हा काकी खुशीत होती. "तू नव्हतीस तरी बराबर तीनला बसले गं. दोन्ही दिवस. तासभर. मी ज्वारी निवडत व्हते भाईर, जागचे हालले न्हाईत."

 आत जाता जाता शिलानं आनंदानं भीमसिंगला म्हटलं, "दादा, तुमचं पोरगं शिकून राहिलं बरं."

"तूच शिकवून राहिलीस," म्हातारा म्हणाला. "पर काल येवढा येळ बसलीस अन् माझ्याशी एक शब्द बोलली न्हाईस. मी झोपायच्या आधी दोनदा हाक मारली."

"मी काल हिंगोलीला होते दादा."

म्हाताऱ्यानं पांढुरक्या डोळ्यांनी तिच्याकडं बघितलं. "मंग खुर्चीत कोण व्हतं?"

मोतीबिंदू, ती मनात म्हणाली. लाल खुर्ची आणि दारातलं ऊन. दुसरं काय असणार.

३

दुसऱ्या दिवशी तिनं पारखून बघायचं ठरवलं. खुर्ची ठेवली, मोबाईल फळीवर चादरीआड उभा केला, दार लोटलं आणि ती ओट्यावर काकीजवळ येऊन बसली. आतून आवाज नव्हता. उन्हानं पत्रे मधूनच टणकत होते. भीमसिंगची मान खाली गेली होती. चार वाजता ती आत गेली तेव्हा काका हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता आणि तिला बघून हसला.

व्हिडिओ तिनं घरी जाऊन बघितला. पहिली वीस मिनिटं काका निश्चल. मग त्यानं उजवा तळवा पुढं धरला आणि डाव्या अंगठ्यानं त्यावर काहीतरी मळायला सुरुवात केली. सावकाश, निवांत. मध्येच चुना लावल्यासारखं केलं. मळलं, दोन बोटांनी थापटलं, फुंकर मारली आणि चिमूट ओठाखाली धरली. तंबाखू. या भागात शंभर ओट्यांवर शंभर माणसं रोज हेच करतात. जुनी सवय उफाळून आली, एवढंच. अशा दुखापतीत असं होतं, तिनं वहीत लिहिलंही.

पण तिची झोपच उडाली. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं आपलेच हात वर करून बघितले. तंबाखू मळणारा डाव्या तळव्यावर घेतो आणि उजव्या अंगठ्यानं मळतो. काका उजव्या हातानं जेवणारा, उजव्या हातानं कोयता धरणारा माणूस. त्यानं सगळं उलट केलं होतं.

जसं तिला बघून करायचा, तसं.

४

"काकी, काका तंबाखू किती खायचे?"

"ह्यांनी? जन्मात खाल्ली न्हाई. सोयरे हसायचे. सोयरीक जुळताना माझ्या बापानं म्होरं केली, तर हे म्हणले, मला ठसका लागतो. बापाला वाटलं, पोरगं बिमार हाय."

शिला हसली नाही. तिनं विचार केला, जागा बदलून बघू. सवय असेल तर जागेनं काही फरक पडणार नाही. तिनं खुर्ची उचलून पलीकडच्या भिंतीशी, मशीनजवळ ठेवली आणि पुन्हा मोबाईल लावला.

वीस मिनिटांनी काकानं मान वळवली, बाजेवर सरकून तोंड मशीनकडं केलं आणि मळायला सुरुवात केली. या वेळी त्यानं त्यापुढंही केलं. अंगावर काही नसताना त्यानं हवेतून लांब कापड ओढून घेतलं आणि डोक्याला पटका बांधला, फेऱ्यावर फेरा. शेव खोचली ती डाव्या हातानं. मग वाकून पायांत वहाणा सारल्या, ज्या तिथं नव्हत्या. चार वाजता पुन्हा हात गुडघ्यांवर.

तिनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. खुर्ची चौकटीत पूर्ण दिसत होती. रिकामी होती. तेवढं पाहून तिला हायसं वाटायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र तिला स्पष्ट दिसत होती. रोज तो थोडं पुढचं करत होता. तंबाखू, पटका, वहाणा. घरातला माणूस बाहेर निघताना याच क्रमानं निघतो.

५

टोळी निघायला तीन दिवस उरले. शिलानं तिच्या बुद्धीला सगळ्यात सरळ वाटलं ते केलं. खुर्चीच काढून टाकली, गोठ्यात नेऊन पालथी घातली. रिकामी खुर्ची ही काकासाठी खूण झालीय, असं तिनं स्वतःला पटवलं. खूण काढली की हालचाल थांबेल. या खुर्चीची सवय आपणच लावली, आपणच मोडायची.

मोबाईल फळीवर लावला, दार लोटलं आणि ती ओट्यावर बसून राहिली. सव्वातीन झाले. कालव्याला रब्बीच्या पाण्याची पाळी सुटली होती, मागून पाण्याचा एकसारखा आवाज येत होता. काकी शेतावर गेली होती. म्हातारा घोरत होता.

साडेतीनला आतून कडीचा आवाज आला.

दाराला आतून कडी लावून घेण्याची सवय काकाला नव्हती, कडी लावली होती हेच तिला माहीत नव्हतं. दार उघडलं आणि काका उंबऱ्यात उभा राहिला. नजर तिच्यावर नव्हती. चार हात पुढं, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, तो बघत होता आणि एकेक पाऊल टाकत होता. कोणी पाठमोरं न होता, तोंड याच्याकडं ठेवून मागं मागं चालावं आणि यानं त्याला बघत पुढं यावं, तसं.

शिलानं त्याच्या समोर उडी घेतली आणि दोन्ही हात पसरले. त्यानंही हात पसरले. ती हळूहळू पुढं सरकली, तो मागं सरकेना; मग ती खाली बसली, तेव्हा तोही बसला. दोघं उंबऱ्यावर समोरासमोर बसून राहिले, चार वाजेपर्यंत. तिच्या पाठीला सगळा वेळ ऊन लागायला हवं होतं. एका पट्टीत ते लागत नव्हतं.

मोबाईलमध्ये तिनं दार उघडेपर्यंतचा भाग पाहिला. खुर्ची नव्हती, म्हणून काका सुरुवातीपासूनच उभा होता. मळणं, पटका, वहाणा, सगळं उभ्यानं. मग तो दाराकडं गेला, पण दारापासून चार हात अलीकडंच थांबला. डावा हात उचलून त्यानं हवेत कडी काढली. आणि चार हात पलीकडं, जिथं त्याचा हात पोचतच नव्हता, तिथं खरी कडी वाजली.

खुर्ची काढली, तेव्हा जो बसत होता त्याला मी उभं केलं, असं तिच्या मनात आलं. ते तिनं वहीत लिहिलं नाही.

६

संध्याकाळी काकीला सगळं कळलं, म्हणजे काका उंबऱ्याबाहेर आला होता एवढं कळलं. तिनं गोठ्यातून साखळी आणली. तिला बोलायचं नव्हतं, पण साखळी ओट्यावर ठेवताना ती नको तेवढी वाजली.

"मला हौस हाय का पोरी? रातीला माझा डोळा लागत न्हाई. उसात गेल्यावर फोन आला की देविदास कालव्यात घावला, तर मी काय करू? साखळीत तरी जित्ता राहील."

"साखळीत ते जिते नाही राहत काकी. खुंट्याला राहतं ते जनावर."

"तू शिकलीस, तुला बोलता येतं."

 शिलाला खरं सांगायचं होतं, पण सांगणार काय? जे तिलाच मान्य नव्हतं ते? आणि सांगितलं तर साखळीबरोबर कुठला तरी भगत, कुठली तरी धुनी यायची आणि काका मिरचीच्या धुरात कोंडला जायचा. तिनं असं एक लेकरू पाहिलं होतं. म्हणून तर ती इथं परत आली होती.

"उद्या एक दिवस द्या," ती म्हणाली. "उद्या तीन ते चार. ते बाहेर आले तर साखळी मी माझ्या हातानं घालते."

भीमसिंग इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "खुर्ची परत ठेव बाई. पाव्हण्याला उभं ठेवू न्हाई."

"दादा, पाहुणा कोण आहे?"

"ते मला काय दिसतं? मला निस्तं उजेडाम्होरं कोणी आलं, तर कळतं."

७

तीनला पाच कमी असताना शिलानं खुर्ची पहिल्या जागी ठेवली आणि तिच्यावर बसली. गेले काही दिवस ती ओट्यावरून राखण करत होती आणि खुर्ची मोकळी सोडत होती. चूक तिथंच होती. जागा आपण मांडायची आणि आपणच तिच्यावर बसायचं नाही, हे बरं नव्हे. हात गुडघ्यांवर. काकानं हात गुडघ्यांवर ठेवले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर ओट्यावर काकी बसली होती, मांडीवर साखळी घेऊन.

दहा मिनिटं गेली. काका तिच्याकडं बघत होता, तिच्याइतकाच स्थिर. पत्रा टणकला. मागून पाण्याचा आवाज. मग तंबाखूचा वास आला, चुना मिसळलेला, ओला, अगदी जवळून. भीमसिंग खात नव्हता. कुणाच्या तरी ओट्यावरून वाऱ्यानं आला असेल, ती मनात म्हणाली. वारा नव्हता.

काकाचा डावा अंगठा हलला. तळव्यावर एकदा, दोनदा. शिलानं त्याला दाखवायला आपले हात गुडघ्यांवर घट्ट दाबायचे ठरवले आणि खाली पाहिलं. तिचे हात गुडघ्यांवर नव्हतेच. तिचा डावा तळवा वर वळला होता आणि उजवा अंगठा त्याच्यावर सावकाश, निवांत मळत होता.

हे तिनं सुरू केलं नव्हतं. कधी सुरू झालं, तेही तिला माहीत नव्हतं.

तिनं अंगठ्याकडं बघितलं आणि त्याला म्हटलं, थांब. साधा शब्द. काकीला पहिल्या दिवशी समजावून सांगितला होता तो. अंगठा आणखी एकदा फिरला. थांब. तिच्या कपाळात, भुवयांच्या वर, दुखावं तसं काही ताणलं गेलं, आणि अंगठा थांबला. तिनं हात उलटे करून गुडघ्यांवर ठेवले. काकानंही ठेवले.

तीन वाजून एकोणीस मिनिटांनी काकाची नजर तिच्या चेहऱ्यावरून वर सरकली. तिच्या डोक्याच्या वर, खुर्चीमागं कोणी उभं असावं एवढ्या उंचीवर येऊन थांबली. त्याचा डावा हात उचलला गेला, पुढं आला आणि हवेत थांबला. तळवा खाली, बोटं किंचित वाकलेली. समोर बसलेल्या कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा.

त्याचा डावा. म्हणजे समोरच्याचा उजवा.

शिलाच्या उजव्या खांद्यावर वजन आलं. फार नाही. सांत्वनाला आलेला माणूस ठेवतो तेवढं.

वळून बघावं, असं तिच्या मानेला वाटलं. मानेलाच वाटलं, विचार मागून आला. ती वळली तर काका वळेल. ती उठली तर तो उठेल. दार लोटलेलंच होतं आणि कालवा काठोकाठ होता. तिच्या हातात फक्त एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे काहीही न करणं.

"काका," ती म्हणाली. आवाज फाटका निघाला, तिनं तो पुन्हा नीट लावला. "काका, माझ्याकडं बघा. मी काय करून राहिले?"

काकाचे ओठ हलले. "बसली," तो म्हणाला.

"आणि तो?"

बराच वेळ तो वर बघत राहिला. हात हवेतच होता. त्याच्या कपाळावर ऑपरेशनच्या वणाजवळ घामाचे थेंब आले. अपघातानंतर तो कधी कशावर विचार करताना तिला दिसला नव्हता. आता दिसत होता.

"त्यो बलावतो," काका म्हणाला. "बलावू दे."

आणि त्याचा हात खाली यायला लागला. शिलानं तो खाली घेऊन दाखवला नव्हता, तिचे हात तर केव्हाचे गुडघ्यांवरच होते. तो स्वतःच उतरत होता, जड मोट उतरावी तसा, थांबत थांबत. गुडघ्यावर येऊन टेकला आणि तिथंच राहिला. समोर एक गोष्ट दिसत असताना ती न करणं काकाला सहा महिन्यांत पहिल्यांदा जमलं होतं.

बाहेर काकी दाराच्या फटीतून बघत असावी. साखळी ओट्यावर ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

काकानं हात खाली घेतला होता. शिलाच्या खांद्यावरचा हात कुणी खाली घेतला नव्हता. बोटं एकेक करून जरा घट्ट झाली.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं डोळे फिरवले. तीन वाजून बावीस. अजून अडतीस मिनिटं.

ती बसून राहिली.